कल

एप्रिल. पारा त्रेचाळीसवर.
पूर्व भागातली लूमं दुपारची गप्प, लाइट गेलेली.
कॉलेजच्या जनरेटरवर मी भट्टीपाशी बसलेय,
म्हणजे उन्हातून उठून उन्हातच.

बेरियम टायटनेटची चकती,
जुन्या चार आण्याएवढी, खडूच्या रंगाची.
आत टायटॅनियम मधोमध नाही,
जरासा सरकून बसलेला,
नान्ना मागावर बसायचे तसा, एका कुशीला.
पण प्रत्येक घोळक्याचा कल निराळा:
कुणी जोडबसवण्णा चौकाकडे, कुणी अक्कलकोट रोडकडे,
आणि बेरीज शून्य.

एकशेवीसच्या वर तापवली
की कलच जातो. सगळे अणू नीट मधोमध.
तिथं मी फार वेळ थांबत नाही.

मग तेलात बुडवून दोन हजार व्होल्ट,
आणि ते तसेच ठेवून निववायची.
हळू.
(याला ध्रुवीकरण म्हणतात. पेपरात हा शब्द आला
की मी पान उलटते.)
व्होल्ट काढून घ्यायचे, मग कळतं
काय उरलंय.

नान्नांची मिल बंद होऊन एकवीस वर्षं.
मल्लेशम येमुल अजून पावणेसातला उठतात,
डबा शोधतात,
डावा खांदा खाली.
कागदावर माझी रेघ गेली त्या वाटेनं परत येत नाही,
शून्यावर आणायला उलटा जोर लागतो,
आणि किती, ते चकतीगणिक वेगळं.

रात्री अम्माला लायटर उघडून दाखवला.
ही बघ, माझ्या चकतीची चुलतबहीण.
वरून हातोडी आपटते, ठिणगी पडते. बॅटरी नाही, काही नाही.
अम्मानं विडीची पानं बाजूला सारली,
अंगठा पाहिला.
"बत्तीस वर्षं दाबतेय मी. माझ्यातनं का नाही निघाली?"

मी मास्तरणीच्या आवाजात सांगितलं,
आतून जे सगळीकडून सारखं असतं
त्याला कितीही दाब, काही निघत नाही.
कुठंतरी वाकडं लागतं.

"वाकडं?" अम्मा म्हणाली,
आणि सरळ न होणारं करंगळीचं पेर
माझ्या नाकासमोर धरलं.

मग लायटर घेऊन अंधारात बसली.
गॅस लावायचा नव्हता.
टिच.
टिच.
आतल्या खोलीत खाट करकरली,
नान्ना कुशीवर वळले.