वरची बाजू

खडेबाजारात फ्लेक्सच्या दुकानात
सोमनिंगनं फाईल उघडली आणि म्हणाला,
करप्ट झालीय मॅडम, दुसरी द्या.
त्याच्या मागं सुकत होते
कुणा भावी नगरसेवकाचे वाढदिवस
आणि कुणाचं तरी प्रथम पुण्यस्मरण,
दोन भाषांत, एकाच फुलांच्या चौकटीत.

करप्ट नाही, म्हटलं. असंच आहे ते.

तो बघत राहिला राखाडीकडं,
तळाशी सांडलेल्या पिवळ्याकडं,
मग त्या काळ्या फटकाऱ्याकडं
जो डावीकडून तावातावानं येतो
आणि मध्येच
काही आठवल्यासारखा थबकतो.
असंच?
असंच.
शाई जास्त जाणार, म्हणाला. काळा फार आहे.

मूळ चित्र पुण्यात पाहिलेलं,
विम्याच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा.
गाडीला तासभर होता, बाहेर ऊन होतं,
हॉलमध्ये फुकट पंखा होता.
पहिल्यांदा मनात आलं, ह्याला पैसे कोण देतं?
मग रंगाची साय दिसली,
थिजलेली, कडेला सुरकुतलेली,
कुणीतरी भांडून उठून गेल्यावर
ताटात राहिलेल्या आमटीसारखी.
मला काही समजलं नाही.
समजायची वाट बघण्यात गाडी चुकली.
निघताना मोबाईलवर एक फोटो काढला.

शहापुरात शिवबसूच्या काचेवर
देव आणि गेलेली माणसं पालथी पडलेली.
त्यानं छापील कागद एकदा असा धरला, एकदा तसा.
म्यालिंदु याव कडे री?
गोत्तिल्ल, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं तेव्हा,
फोटो मी कसा काढला तेसुद्धा.
त्यानं माझ्याकडं असं बघितलं
जशी मी स्वतःच्या कुलदैवताचं नाव विसरलेय.
मग वर एक, खाली एक, असे दोन हूक ठोकले
आणि पैसे एकाचेच घेतले.

वडगावात आमच्या पुढच्या खोलीत
फ्रिज आणि कॅलेंडरच्या मधे जागा होती.
उमाक्का वाटी परत द्यायला आली,
उंबऱ्यातच थांबली.
बोर्डाला डांबर फासल्यागत दिसूलालंय की गं.
हसलो दोघी. मग जरा गप्प झालो.
ह्या गावात डांबराखाली काय लिहिलेलं
ते पोराटोरांनाही वाचता येतं.
ह्या काळ्याखाली काही नव्हतं,
तो काळा नुसता काळा होता,
पण हे उमाक्काला कसं सांगायचं.
वाटी घेतली. तिच्यात लोणचं घालून दिलं.

आप्पांनी चाळीस वर्षं माग चालवला.
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं.
तीन संध्याकाळी खुर्ची ओढून बसले समोर,
बातम्या न लावता.
पलीकडच्या गल्लीत मागांची खटखट चाललेली,
तिच्याबरोबर त्यांचा अंगठा गुडघ्यावर हलत होता.
चौथ्या दिवशी उठले,
काचेवर नख टेकवलं उजव्या कोपऱ्यात.
हे पांढरं ह्यातलं नव्हे.
हा धागा दुसऱ्या कापडाचा.

मी कुणाला सांगितलं नव्हतं
की तिथं हॉलमधली ट्यूबलाईट
फोटोत पडली होती.

मग बोट काळ्यावरून सरकत गेलं,
गुळगुळीत काच, साय नाही, सुरकुती नाही,
मला त्या सपाटपणाची लाज वाटली.
पण बोट थबकलं नेमकं तिथंच.
इथं हात थांबलाय, म्हणाले.
तुटला नव्हे. थांबलाय.
चहा ठेव.

आज सकाळी केर काढताना बघितलं,
पिवळा वर गेलाय.
काळा फटकारा उजवीकडून येतोय,
ट्यूबलाईट खाली डावीकडं पडलीय.
आप्पा बशीत चहा ओतत होते, माझ्याकडं न बघता.
मीही विचारलं नाही.
शहापूरला जाणं झालं तर
शिवबसूला दुसऱ्या हुकाचे पैसे द्यायला हवेत.