पॉइंट चार मिलिमीटर माया

वॉलसॉलमध्ये, कालव्यामागच्या भंगाराच्या शेडमध्ये
ग्लेनिस फेलोज केटल्या फोडते.
फोडते म्हणजे फोडतेच.
बुडाशी गोंद, गोंदाखाली स्क्रू,
स्क्रूचं डोकं असं, की त्याचा पाना
ज्यानं केटली बनवली त्याच्याकडेच.
एका केटलीला चाळीस सेकंद. घड्याळ भिंतीवर.
तांबं या पिंपात, स्टील त्या पिंपात,
आणि एकमेकांना चिकटून जे काही उरेल
ते तिसऱ्यात, जाळायला.

मी पिशवीतून माझी काढली.
सतरावी आवृत्ती, रात्रभर थरावर थर छापलेली.
गोंद नाही. एकही स्क्रू नाही.
कडेला नखाएवढी खाच, दाबली की तीन तुकडे.
स्क्रीनवर ती नऊ सेकंदांत उघडायची,
प्रत्येक वेळी.

ग्लेनिसनं फिरवून पाहिली, खाच चाचपली.
अंगठा घसरला. पुन्हा घसरला.
मग फारसा राग न धरता तिनं हातोडी उचलली.
"हातमोजे घालून कधी काही उघडलंयस का, पोरी?"

परतीच्या बसमध्ये मांडीवर तुकडे.
माझे फ्रॉक शिवताना बेबीमावशी
आतल्या बाजूनं दोन बोटं कापड दुमडून ठेवायची.
त्याला माया म्हणायची.
"उसवायची वेळ येतेच गं,
तेव्हा कापडानं अडून बसायला नको."
माझ्या ड्रॉइंगवर त्या जागी नुसता आकडा होता:
पॉइंट दोन.

रात्री वर्कशॉपमध्ये हातमोजे घालून बसले.
माउस धड धरता येईना. तशीच बसले.
खाच अंगठ्याएवढी केली,
माझ्या नव्हे, तिच्या.
सांध्यातली फट पॉइंट चार.
प्रिंटर पहाटेपर्यंत कुरकुरत राहिला.
पुढच्या पाच वाया गेल्या,
एक तर पाणी भरताच सुटली
आणि माझे बूट भिजले.

गुरुवारी ग्लेनिसनं तेविसावी हातात घेतली.
टक्.
तांबं इथे, स्टील तिथे,
प्लास्टिक एकटं, स्वच्छ.
बोलली काहीच नाही. घड्याळाकडे पाहिलं.
एकतीस सेकंद उरले होते.

तेवढ्यात तिनं ती पुन्हा जोडली
आणि पुन्हा उघडली.