पुढील तपासणी

शिरोलीच्या फाउंड्रीत माझं टेबल खिडकीपाशी.
व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज,
प्रत्येकावर एक पिवळी चिठ्ठी:
अमुक तारखेला तपासलं, तमुक तारखेला पुन्हा.
जे दुसऱ्याला मापतं त्यालाही वर्षातून एकदा
कुणीतरी मापावं लागतं,
हे मी नव्या पोरांना शिकवते.

माझी चिठ्ठी आईच्या कॅलेंडरवर,
दुधाच्या हिशोबाशेजारी: त्रिशला, इको.

दर फेब्रुवारीत अर्धी रजा.
सुपरवायझरला सांगते, बँकेत काम आहे.
ताराबाई पार्क, दुसरा मजला,
भिंतीवर जिराफ, मानेवर उंचीच्या खुणा.
मोठ्यांचे डॉक्टर म्हणतात, हे लहानपणचं, तिकडंच विचारा.
म्हणून एकतिसाव्या वर्षी मी
बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसते.

शेजारी गडहिंग्लजकडची बाई,
मांडीवर टकलं पोरगं, तोंडाला मास्क.
"तुमचं पोरगं कुठाय ओ?"
"मीच की."
ती बघत राहिली. आधी केसांकडं,
मग कंपनीच्या बिल्ल्याकडं, मग परत केसांकडं.
पोराची हनुवटी धरून माझ्याकडं वळवली, "बघ रे."
तो जिराफ बघत होता.

आत गार जेल, अंधार,
पडद्यावर माझं काळीज माशासारखं तोंड उघडतं, मिटतं.
ते लाल औषध. आई म्हणायची, सरबत चढवतायत.
दुसऱ्या दिवशी लघवी लाल व्हायची, मी हसायचे.
त्यानंच मला ठेवलं,
आणि भिंतीत आणखी काय ठेवलं
ते दरवर्षी बघायचं.
कास्टिंग वरून गुळगुळीतच असतं.
पोकळी लोड आल्यावर बोलते.

"गेल्या वर्षी अठ्ठावन्न, औंदा पंचावन्न,"
डॉक्टर म्हणतात. माझी फाईल उघडली
तेव्हा ते चौथीत असतील.
"टॉलरन्समध्ये आहे," मी म्हणते.
त्यांना कळत नाही, तरी हसतात.
तीन कुठं गेले, ते मी विचारत नाही.
तेही सांगत नाहीत.

परत जाताना गंगावेशीत थांबले.
कच्चं दूध बंद होतं दोन वर्षं;
बाबा सायकल दुसऱ्या गल्लीतून न्यायचे,
म्हशी दिसू नयेत म्हणून.
धार पेल्यात पडली, फेस नाकाला लागला.
उभ्यानंच प्याले. सगळा.

घरी आईनं पेन पुढं केलं.
पुढच्या वर्षीचं कॅलेंडर
अजून छापलंसुद्धा नाही.
डिसेंबर उलटून
त्याच्या पाठीवर तारीख लिहिली.