सत्तेचाळिसाव्यांदा अनोळखी

सकाळपासून मी सेहेचाळीस जणी झाले आहे.

तार्तूत नोव्हेंबर आहे. साडेतीनलाच दिवा लावावा लागतो,
आणि एमायोगी नदी खिडकीखालून
न बोलता जाते, शेजाऱ्यांसारखी.
काम सोपं आहे, असं माइरोल्ड म्हणाला:
लोकरीचं दुकान, त्यावर एक चौकट,
"तुमचा ईमेल द्या, नवे रंग आले की कळवू."
नवख्याला चौकट दिसली पाहिजे.
ओळखीच्याला दिसता कामा नये.
ओळखीच्याला म्हणायचं, "या, बऱ्याच दिवसांनी."

मग मी कुकीज पुसते
नि नवखी होते.
नाव लिहिते, पत्ता लिहिते, बटण दाबते,
पान मिटते, उघडते
नि ओळखीची होते.
पुन्हा पुसते.
हे इतकं सहज जमतं की थोडं वाईट वाटतं.
आमच्या जिन्यातल्या सालमेबाईंना
नुसती मान डोलवायला मला दोन हिवाळे लागले.

नावं आणायची कुठून?
पहिल्या दहा जणींना वर्गातल्या मुलींची दिली,
पुढच्यांना दफनभूमीतल्या दगडांवरची,
एकीला आमच्या मांजरीचं.
मांजरीला यंत्राने लगेच आपलं म्हटलं.
टोनिसला नाही. त्याच्या नावातला तो
धड 'ओ' नव्हे, धड 'अ' नव्हे, आमचाच स्वर
यंत्राच्या घशात अडकला.
"या, ट?निस," म्हणालं ते.
मी नोंद केली. प्रश्नचिन्ह कुठल्याही ओळखीत असतंच,
पण छापायचं नसतं.

खरं अडलं ते तिसऱ्या ओळीत.
जो एकदा आला, नाव देऊन गेला,
मग एका रात्री "पत्रं थांबवा"वर बोट ठेवलं त्याने,
तो परत आला तर?
माइरोल्ड म्हणतो, नवखाच समज.
मी म्हणते, नवख्याला दार कुठे आहे ते ठाऊक नसतं.
याला ठाऊक आहे, म्हणून तर गेला.
माइरोल्ड म्हणतो, कॉफी घे.
तो रकाना अजून रिकामा आहे.

सत्तेचाळिसावी चाचणी चारचौघांच्या यंत्रावर करायची,
तक्त्यात मीच लिहिलं होतं.
म्हणून बर्फाचा चिखल तुडवत ग्रंथालयात गेले,
ओला कोट खुर्चीला टांगला,
दुकानाचं पान उघडलं.
काही पुसलं नाही, काही लिहिलं नाही.
दिवसभरात पहिल्यांदा मी खरोखरच नवखी होते.

"या, हेल्दूर. बऱ्याच दिवसांनी."

टोपलीत करड्या लोकरीच्या तीन लडी.
एक निळी, "नंतर पाहू"त ठेवलेली.

मी मान वर केली. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी तीन म्हातारे,
कानात वायरी घातलेला एक पोरगा,
चष्मा पुसणारी एक बाई.
कुणाच्याही मांडीवर विणकाम नव्हतं.
मी त्याची ना नात्याची ना गोत्याची,
आणि तो कुठल्या रंगापाशी अडखळला
हे मला माहीत.
त्याच्या घरच्यांना तरी असेल का?

दोष क्रमांक एकतीस, लिहिलं मी. तीव्रता: गंभीर.
परक्याला आपलं समजलं जातं.
पुन्हा घडवून पाहायचं असल्यास:
येऊन बसा. काही करू नका.

मग पुसायला हवं होतं. नियमच आहे,
आणि त्यात त्याचंही भलं.
बोट जरा थांबलं, एवढंच.
तीन लडी गेल्या, निळी गेली,
चौकट आली, कोरी, सभ्य:
तुमचा ईमेल द्या.

निघताना त्या म्हाताऱ्यांपैकी एकाने
माझ्यासाठी दार धरून ठेवलं.
हातमोजे करडे होते.
पण इथे नोव्हेंबरात
सगळ्यांचेच असतात.