मिनिटाला एकशे सहा

एकशे सहा शब्द. एका मिनिटात.
कुठे अडखळला नाही, दम घेतला नाही,
एल्विरो ग्वाकीलने उतारा असा वाचला
जशी उतारावरून कुणी सायकल सोडून द्यावी
पायडल न मारता.

मी घड्याळ थांबवलं. रकान्यात लिहिलं : उत्तम.
मग छापील प्रश्न :
म्हाताऱ्याने टेबलावर दोन कप का मांडले?

त्याने कागदाकडे पाहिलं,
मग शेगडीवर वाळत टांगलेल्या सात जोडी मोज्यांकडे.
"तसं लिहिलेलं नाही."
आणि खरंच, लिहिलेलं नव्हतं.

चिलोएच्या या बेटावर शाळा एक, बाई एक,
मुलं सात, चार इयत्तांत विखुरलेली.
मी वर्षातून दोनदा बोटीने येते
आणि शब्द मोजून जाते,
यांचे बाप पिंजऱ्यातले सॅमन मोजतात तसे.

नोल्फाबाईंनी गमबूट चढवले.
"ओहोटी आहे," एवढंच म्हणाल्या.
सगळी वरात किनाऱ्यावर,
मागून मी, फाइल पोटाशी धरून.

ओल्या वाळूवर एल्विरो वाकला
आणि तिथे तो वेगळाच मुलगा होता.
"हे भोक गोल, काठ उचललेला. शिंपली वरच आहे.
हे लांबट. यातली आपली चाहूल लागून आत गेली.
हे रिकामं. पक्षी आपल्याआधी येऊन गेला."
"कशावरून?"
त्याला माझी कीव आली असावी.
तीन बोटांचा ठसा होता तिथे,
मी नेमकी त्याच्यावरच उभी.

"वाळूवर तरी कुठे लिहिलंय?" नोल्फाबाई म्हणाल्या.
त्याला की मला, कोण जाणे.

फावडी चालली. बादलीत शिंपल्या खडखडल्या.
बऱ्याच वेळाने, कुणी विचारलं नसताना,
धाकटी मिर्ता म्हणाली, "एक कप गळका असेल."
सगळे हसले. मीही.

एल्विरो नाही हसला.
"बायकोचा आहे तो," गुडघ्यावरची वाळू झटकत म्हणाला.
"पण ती नाही यायची.
त्याला माहीत आहे. तरी मांडतो."

"कशावरून?" या वेळी बाईंनी विचारलं.

"दाराशी तिच्या चपला होत्या ना.
धूळ बसली होती त्यांच्यावर. चौथी ओळ."

हा उतारा मी एकतीस शाळांतून ऐकलाय.
धूळ होती त्यात?

उत्तरसूचीत एकच उत्तर आहे :
पाहुणा येणार होता म्हणून.
त्यापुढे चौकोन, बरोबर किंवा चूक.

बोटवाल्याने दोनदा हाक मारली.
फाइलची कड भिजली होती, कागद एकमेकांना चिकटलेले.
इंजिनाच्या धडधडीत मी तो उतारा सोडवून घेतला
आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं,
पहिलीतल्या मुलासारखं,
एकेका शब्दाखाली.

किती वेळ लागला, मोजला नाही.
चौकोन अजून कोराच आहे.