सुताचा काटा

पहाटे चारला डांबर कडक असतं.
नऊनंतर सोलापुरात सगळंच मऊ पडतं,
म्हणून आम्ही अंधारात ठोकतो,
मी आणि इस्माईल बागबान,
झेनच्या तळाला आवाज मारायला चिकटवलेली डांबराची चादर.
(चादर म्हणायला जीभ अडते. पण दुसरा शब्द नाही.)
बर्फाच्या कारखान्यातली अर्धी लादी वर ठेवायची,
तडकू द्यायचं, मग छिन्नी.
टिकल्या उडतात.
इस्माईल म्हणतो, मासाच आहे बे हा, खवल्याचा.

माग भंगारात गेले त्याला सहा वर्षं झाली.
शेड राहिली. सुताचा काटा राहिला,
कारण तो कुणी विकत मागितला नाही.
आता निघेल ते त्याच्यावर चढवतो.
वहीसुद्धा तीच: डाव्या पानावर नानांच्या अक्षरात
दोन-वीसचं, किरमिजी, पोपटी, येणे बाकी;
उजव्या पानावर माझं.
मागची सीट, तेरा किलो दोनशे.
स्टेपनी, जॅक-पान्यासकट चौदा.
दारांच्या आतले पुठ्ठे.
एसीपाशी इस्माईल थांबला.
"एप्रिलात? सोलापुरात?"
काढ, म्हणालो.
एकोणीस.

काट्यावर न चढवलेलं:
कुण्या लहान मुलीची केसातली पिन,
शेंगांची टरफलं,
गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याचं अर्धं तिकीट.

गालिच्याखाली नमदा निघाला,
नमद्यात पिंजलेलं सूत, कुठल्या कुठल्या कपड्यांचं.
मी चिमटीत धरून बसलो.
कितीही पिंजा,
आमच्या चादरीतला लाल मला कळतो.
दोन किलो आठशे. लिहिलं.

सीट आईनं अंगणात नेली.
पाठ टेकून विड्या वळते आता, सूप मांडीवर.
"तीस वर्षं जमिनीवर बसवलं की मला,"
एवढंच म्हणाली,
आणि पान कातरत राहिली.

मग पाइपांचा पिंजरा आला,
गाडी उलटली तर डोकं शाबूत राहावं म्हणून.
त्याच्याशिवाय कोल्हापुरात ट्रॅकवर सोडत नाहीत.
एकतीस किलो, परत आत.
महिनाभर टिकली टिकली करून काढलेलं
एका दुपारच्या वेल्डिंगमध्ये भरून आलं.
मी वही मिटली.
इस्माईल म्हणाला, आता तूच राहिलास बे काढायचा.
कडक भाकरी सोड, शेंगा चटणी सोड,
पाच किलो फुकटात.
त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

अक्कलकोट रोडच्या वजनकाट्यावर
ज्वारीच्या ट्रकमागं नंबर लावला.
काटेवाला खिडकीतून डोकावला. "माल काय?"
काही नाही.
"मग वजन कशाचं?"
मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता.
पावती: सहाशे चाळीस.
दहाच्या खालचं तो काटा मोजतच नाही,
आमचे सगळे ग्रॅम गिळून बसला.

संध्याकाळी शेडमध्ये इंजिन लावलं.
आवाज झाकायला काहीच उरलं नव्हतं,
पत्रा नुसता ओरडत होता,
रातपाळीच्या मागांसारखा. इस्माईलनं कानात बोटं घातली.
नाना आले.
चाळीस वर्षांच्या खडखडाटानं त्यांचे कान कधीच नेलेत,
ऐकायचं यंत्र ट्रंकेत पडून आहे.
त्यांनी टपावर तळवा ठेवला. मग दुसरा.
डोळे मिटले,
माग चालू करून धोट्याची चाल बघायचे तसे.
"मागं. डावीकडं. काहीतरी सुटलंय."
मी म्हणालो, आम्ही सगळं काढलंय नाना.
ते ओठ वाचतात, पण हे वाचलं नाही.

चाकाच्या कमानीत हात घातला, कोपरापर्यंत.
एक नट.
काट्यावर ठेवला. काटा हलला नाही.
बोटानं पारडं थोपटलं, तरी नाही.
"लिही," नाना म्हणाले.