दोन औंस

हडर्सफील्डमध्ये एप्रिल म्हणजे
गॅरेजच्या दाराखालून आत आलेलं गार पाणी
आणि रंध्याच्या पात्यावर हिवाळाभर चढलेला गंज.
बसची ड्यूटी दोनला सुटते.
तीनपासून मी मेस्त्री.

बॅटी येतात. कुणाची कड उचकटलेली,
कुणाची मूठ सैल,
एका पोराला तर मामाने मेरठहून धाडलेली,
पोरापेक्षा जड.
मी ती पालथी धरतो, कण्यावरून रंधा सोडतो.
पाठीतून काढायचं, तोंडाला हात लावायचा नाही.
हे मला मैदानाने नाही, पोळपाटांनी शिकवलं.
सावर्ड्याला पडवीत बसून बापू म्हणायचे,
लाकूड काढता येतं रे, घालता येत नाही.
दर चार ओढींनी थांब. बोट वाजवून बघ.

साइक्स येतो पहिल्या शनिवारी.
क्लिफर्ड साइक्स, सलामीला खेळतो, अजून.
वय विचारलं तर म्हणतो,
गिरणी बंद पडली तेव्हा चाळिशीत होतो, तूच कर हिशोब.
पहिल्या वर्षी त्याची बॅट दोन पौंड तेरा औंस.
दोन काढ, म्हणाला, मनगट कुरकुरतं.
पुढल्या वर्षी दोन, खांद्यासाठी.
त्याच्या पुढे कारण देणं सोडलं,
नुसती बाकावर ठेवायचा,
शेजारी पावाची रिकामी पिशवी.
ढलप्या तो घरी नेतो, कासवाच्या खोक्यात घालायला.
कासव बायकोचं. ग्लॅडिस.
ग्लॅडिस म्हणजे कासव.
बायकोचं नाव त्याने कधी सांगितलं नाही.

यंदा काट्याने दाखवलं दोन पौंड पाच.
कणा बसलेला, कडा बिस्किटाएवढ्या.
बोट वाजवलं तर आवाज
रिकाम्या कपात चमचा पडावा तसा.
आणखी एक ओढ घेतली असती
तर पहिल्या जोरकस चेंडूला दोन तुकडे.

सांगायचं तेवढंच होतं.
पण तो खिडकीकडे तोंड करून उभा होता
उजव्या हाताने डाव्या बाहीचं बटण लावत,
फार वेळ लावत.

आत जा, हेमलताने चहा टाकलाय, मी म्हणालो.
तो गेला तशी दुहेरी ग्रिप सोलून एकेरी चढवली,
पिवळं पडलेलं स्टिकर खरवडलं,
थोडा पॉलिश-पेपर, थोडं जवसाचं तेल,
आणि मेरठवाली बॅट घेऊन
तिच्यावर रंधा चालवला,
स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असा.

काटा आता दोन औंस कमी दाखवत होता.
म्हणजे खोटं काहीच नाही.
फक्त मुठीकडचं वजन गेलं
की टोक जास्त जड लागतं हाताला,
आणि हे साधा रविवारचा गडीसुद्धा
डोळे मिटून ओळखतो.

साइक्सने डोळे मिटले नाहीत.
बॅट उचलली, एकदा, परत एकदा.
टोक जमिनीकडे ओढ घेत होतं, मला दिसत होतं.
हं, म्हणाला. झाली हलकी.
दहाची नोट ठेवली, दरवर्षीसारखी.

मी पिशवी भरून दिली.
त्याने ती दाराच्या उजेडात धरली.
त्याची बॅट मधाच्या रंगाची, वीस उन्हाळ्यांची,
आणि पिशवीतल्या ढलप्या
नुकत्या सोललेल्या मुळ्यासारख्या पांढऱ्या.
हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

त्याने पिशवीला गाठ मारली.
ग्लॅडिसला बरं वाटेल, म्हणाला,
यंदा नवं लाकूड.

गल्लीत कचऱ्याच्या डब्यांपाशी
पिशवी खाली ठेवून त्याने पवित्रा घेतला.
पाऊल पुढे टाकलं,
बॅट खांद्याच्या वर नेली,
आणि चेंडू सोडून दिला.